घरी आयपीव्ही६ चालू केलं, खाली येऊन रायलं पण वरच्या राउटरवर नाही, काऊन?

मानेवाडा_नेटकरी
नमस्कार मंडळी. घर मानेवाड्याला, फायबर आहे. खाली आईबाबा अन् वर आम्ही, म्हणून कंपनीचा डबा खाली भिंतीवर आणि त्याच्यातून लॅनची तार वर आणून माझा स्वतःचा राउटर लावलाय. मी बरेचदा पुण्यात असतो, तिथून घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पाहायचाय. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारं राउटरमधून डीव्हीआरकडे वळवणं) करून पाहिलं, काही नाही होत. कस्टमर केअरवाले म्हणतात स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) घ्या, त्याचे वेगळे पैसे. मग ऑफिसातल्या एकानं सांगितलं आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू कर, त्याच्यात प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा पत्ता मिळते. टिक केलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं. बाबांचा फोन खालच्या वायफायवर आहे, त्याले २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आला, पण वर माझ्या फोनवर नुसता एफई८० वाला. असं काऊन? आणि हे चालू केल्यावर घर अख्ख्या जगाले उघडं तर नाही ना पडत, कॅमेरे आहेत म्हणून विचारतो.

बर्डीचा_तारवाला
भाऊ, पहिले पोर्ट फॉरवर्डचा नाद सोड. खालच्या डब्याच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (कंपनीकडून डब्याला मिळालेला पत्ता) बघ, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा काही असला तर तू सीजीनॅटच्या मागं आहे, म्हणजे कित्येक घरांत मिळून एकच पब्लिक आयपी, तू तुझ्याकडे किती का पोर्ट उघडेना, कंपनीचा नॅट (एका पत्त्यामागं अनेक डिव्हाइस चालवणारी सोय) वरच्यावर अडवते. ही रेंज २०१२ मध्ये खास याच कामासाठी काढून ठेवली. कंपन्यांचाही नाइलाजच आहे म्हणा, आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटचा, जगात सगळे मिळून ४३० कोटीच्या आसपास, आणि आपल्या भागाचं वाटप करणाऱ्या एपनिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला होता.

आता तुझा घोळ. एफई८० हा पत्ता प्रत्येक डिव्हाइस स्वतःच बनवून घेते, तो घराबाहेर जातच नाही, म्हणजे वर आयपीव्ही६ पोचलंच नाही. तुझ्याकडे एकामागं एक दोन राउटर आहेत. आयपीव्ही४ मध्ये नॅटवर नॅट होऊन भागून जाते, इथं मात्र वरच्या राउटरला खालच्याकडून प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) मागून घ्यावा लागते, प्रीफिक्स डेलिगेशन म्हणतात त्याले. कंपनीनं /६४ (हा आकडा जितका लहान तितकी जागा मोठी) दिला असेल तर तो एक प्लॉट समज, खालच्या डब्यानं त्याच्यावर घर बांधून टाकलं, वर द्यायला काय उरलं? /५६ असता तर २५६ प्लॉटचा लेआउट झाला असता. बरं, त्या एका प्लॉटचेही तुकडे पाडता येत नाहीत. पत्ते म्हणशील तर एका /६४ मध्ये अख्ख्या आयपीव्ही४ पेक्षा कितीतरी पट जास्त आहेत, पण फोन आपला पत्ता आपणच बनवते त्याले पूर्ण /६४ लागते.

माझं मत, खालचा डबा ब्रिज मोडला टाक, म्हणजे तो नुसतं कनेक्शन पुढं देईल, आणि पीपीपीओई (कंपनीचं लॉगिन) तुझ्या राउटरवर लाव. आधी युझर आयडी, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवरचा ओळख-आकडा) लिहून घे, नाहीतर रात्री ११ वाजता सगळं बंद पडून कस्टमर केअरचं गाणं ऐकत बसशील.

धरमपेठकर_ताई
ब्रिज कायले? खाली आईबाबा आहेत, लँडलाइन त्याच डब्यातून असेल तर ब्रिज केल्यावर ती बंद पडू शकते. वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) मोडवर करा, झालं, मग वरचे-खालचे सगळे एकाच नेटवर्कात येतात आणि खालचाच प्रीफिक्स सगळ्यांना मिळतो. तो मोड नसेल तर वरच्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करून तार वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचा. लॅन सेटिंगला एसएलएएसी (डिव्हाइस स्वतःच पत्ता बनवतं ती पद्धत) ठेवा, नुसतं डीएचसीपीव्ही६ (राउटर पत्ता वाटतो ती पद्धत) ठेवलं तर लॅपटॉपला पत्ता येईल, पण अँड्रॉइड डीएचसीपीव्ही६ वरून पत्ता घेतच नाही, मग पुन्हा इथं विचारत बसाल.

सिक्युरिटीचं म्हणाल तर अडवायचं काम फायरवॉलचं आहे, नॅटचं नाही. डब्यात आयपीव्ही६ फायरवॉल म्हणून वेगळा ऑप्शन असतो, तो चालू आहे का स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फक्त अतिउत्साहात आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे आपसातले निरोप) सगळं ब्लॉक नका करू, पॅकेट केवढं पाठवायचं हे त्याच्यावरच कळतं. पीपीपीओईवर पॅकेट १५०० ऐवजी १४९२ बाइटचं असतं, ते निरोप अडले की मग अर्ध्या साइट उघडतात आणि अर्ध्या नुसत्या गोल गोल फिरत राहतात.

मानेवाडा_नेटकरी
ताई, ॲक्सेस पॉइंट केला, वरच्या सगळ्या फोनले पत्ता आला!! पण डीव्हीआरच्या मेनूत आयपीव्ही६ चं नावच नाही. मग हे सगळं कायले केलं म्हणा.

बर्डीचा_तारवाला
वाया नाही गेलं बे. तसाही डीव्हीआर डायरेक्ट इंटरनेटवर कधीच काढू नको, आयपीव्ही६ असो का ४, त्यांच्यातले फर्मवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाहीत आणि पासवर्ड डब्यावर छापलेला तोच असते. रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा एखादा जुना पीसी घरी चालू ठेव, त्याच्यावर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा खाजगी बोगदा) टाक. बाहेरून तू त्या पायच्या आयपीव्ही६ पत्त्यावर येशील आणि टनेलच्या आतून डीव्हीआरचा जुना १९२.१६८ वाला पत्ता उघडशील, डीव्हीआरले काही समजायची गरजच नाही. फायरवॉलमध्ये फक्त त्या पायसाठी यूडीपी ५१८२० (वायरगार्डचं पोर्ट) उघड, बाकी सगळं बंद. तसा नियम टाकायची सोयच नसेल खालच्या डब्यात, तर मात्र ब्रिज करावाच लागेल, ताई रागावल्या तरी 😄

धरमपेठकर_ताई
रागवत नाही, पण लँडलाइन बंद पडली तर आईबाबांना उत्तर तुम्ही द्या. आणि एक, लाइट गेली की बरेचदा प्रीफिक्स बदलून येतो, म्हणून पायवर डीडीएनएस (बदलता पत्ता एका नावाशी जोडून ठेवणारी सोय) लावा, क्वाड-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) अपडेट करणारा बघून घ्या, काही फुकटवाले फक्त आयपीव्ही४ चंच करतात. पुण्याच्या रूमवरच्या वायफायला आयपीव्ही६ नसलं तर फोनच्या डेटावरून बघा, जिओवर ते २०१६ पासून आहे.

मानेवाडा_नेटकरी
खालच्या डब्यात आयपीव्ही६ फायरवॉलचं पान सापडलं, लो-मीडियम-हाय एवढंच आहे, नियम टाकायची जागाच नाही. लँडलाइन बाबा वापरतच नाहीत म्हणतात. रविवारी ब्रिज करतो, व्हीलॅन नंबर कुठं दिसते तेवढं सांगा.

बर्डीचा_तारवाला
वॅन कनेक्शनच्या पानावर, पीपीपीओईच्या ओळीत. पानाचा फोटो काढून ठेव, पासवर्ड ठिपक्यांत दिसेल, तो कंपनीकडूनच मागावा लागेल, तर रविवारची वाट पाहू नको, उद्याच फोन लाव.