मदत हवी आहे: एटीआर की 737? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

द्राक्षकन्या:
दोन एअरलाइन्समध्ये माझी निवड झाली आहे. एक मोठी, तिथे एटीआर 72 हे पंख्यांचं छोटं विमान उडवायला मिळेल. दुसरी त्या मानाने नवी, तिथे बोइंगचं 737 मॅक्स हे मोठं जेट. पायलटचं लायसन्स हातात येऊन दीड वर्ष झालं. इतके दिवस एक फोन नव्हता, आणि आता एकाच आठवड्यात दोन आले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकाला हो कळवायचंय. मला निवृत्तीपर्यंत हेच काम करायचंय, म्हणून पहिला पगार हा माझा प्रश्न नाही. कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कुठे लवकर मिळेल आणि कुठे टिकता येईल, ते जाणकारांनी सांगा. कंपन्यांची नावं विचारू नका, लेटरवर गोपनीय लिहिलंय.

रनवे09:
अभिनंदन! पण माहिती अर्धीच दिलीत. बेस, म्हणजे राहायचं आणि ड्युटी सुरू करायचं शहर, कुठलं? टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचा, खर्च कोणाचा? कंपनी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा? उड्डाणाचे एकूण तास किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आखाती_मराठी:
डोळे मिटून 737. मी बारा वर्षं दुबईत आहे. इकडच्या मोठ्या कंपन्या जेटचे तास मागतात. एटीआरवर चार हजार तास केलेला माझा मित्र मुलाखतीपर्यंतसुद्धा पोचला नाही. एटीआरचं कमाल वजन 23 टनांच्या आसपास, 737 मॅक्सचं 80 च्या पुढे. परदेशी जायचं असेल तर पंख्याच्या विमानात पाच वर्षं घालवू नका.

द्राक्षकन्या:
एकूण 215 तास. परदेशी जायचं आहे असं मी कुठेच लिहिलं नाही.

कॅप्टन_कुलाबा:
आखाती, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. पण 215 तासांच्या मुलीला एटीआर म्हणजे मागे पडणं, हे मला अजिबात पटत नाही. मी सुरुवात टर्बोप्रॉपवर, म्हणजे एटीआरसारख्या पंख्याच्या विमानावर केली, नंतर जेटवर आलो. एटीआरला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, ती सतत स्वतः सांभाळावी लागते. दिवसाला चार-पाच सेक्टर, म्हणजे उड्डाणं, होतात. जुलै महिन्यात छोट्या धावपट्टीवर पाऊस आडवा येतोय, वायपर पूर्ण वेगात आहेत आणि शेजारचा कॅप्टन 'कंट्रोल्स तुझ्याकडेच ठेव' म्हणतोय, असे दोन पावसाळे काढले की हात असा बसतो की पुढे कुठलंही विमान द्या. लांबच्या जेट सेक्टरला महिन्यात लँडिंग किती वाट्याला येतात ते मोजून बघा.

जोशीकाका_ठाणे:
एटीआरमध्ये मी कोल्हापूरला गेलो आहे. आवाज फार येतो आणि वरच्या कप्प्यात बॅग बसत नाही. 737 केव्हाही आरामदायी. शिवाय आता नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे, तिथला बेस मागून घ्यावा.

रनवे09:
काका, ती पुढे बसणार आहे, मागे नाही. आणि नव्या एफओला (सहवैमानिकाला) बेस मागून मिळत नसतो.

पुणे_ते_पालम:
माझं मत, थांबा आणि दोन्ही सोडून एअरबस मिळतंय का बघा. इंडिगोने जून 2023 मध्ये एका झटक्यात 500 विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत 470 ची, अकासाने जानेवारी 2024 मध्ये 150 ची. त्यात पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम: आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. डिसेंबर 2025 मध्ये पायलट कमी पडले की किती उड्डाणं रद्द होतात ते सगळ्या देशाने पाहिलं. मागणी वाढणारच आहे. घाई कशाला?

कॅप्टन_कुलाबा:
दीड वर्ष घरी बसलेल्या मुलीला 'घाई कशाला' म्हणता? ऑर्डर म्हणजे हँगरमध्ये उभं असलेलं विमान नव्हे. 2024 मध्ये बोइंगच्या कारखान्यात सात आठवडे संप चालला, तितकी विमानं उशिरा आली. इंजिनांच्या घोळात एअरबससुद्धा जमिनीवर उभी राहिली. विमान आलं नाही की पहिला फटका नव्या बॅचला बसतो.

पुणे_ते_पालम:
मग तुमच्या हिशेबाने कोणी कधी थांबूच नये?

कॅप्टन_कुलाबा:
200 तासांवर थांबू नये. 2000 तासांवर खुशाल थांबा.

स्मिता_चिंचवड:
माझा भाचा बारावीला आहे, कॉमर्स. त्याला पायलट होता येईल का? फी किती असते?

रनवे09:
ताई, फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. ते विषय ओपन स्कूलमधून देता येतात. आधी क्लास 2 मेडिकल करून घ्या, पैसे नंतर भरा. पण वेगळा धागा काढा ना, इथे गडबड होतेय.

द्राक्षकन्या:
विचारलंत म्हणून सांगते. एटीआर: बेस हैदराबाद, टाइप रेटिंगचा खर्च कंपनीचा, त्याबदल्यात पाच वर्षांचा बाँड. 737: टाइप रेटिंग माझ्या खर्चाने, अर्धे पैसे सही करताना. बाँड दोन वर्षांचाच आहे, म्हणून घरी सगळ्यांना तीच बरी वाटतेय. ट्रेनिंगसाठी आधीच तासगावच्या बागेच्या सातबाऱ्यावर बोजा चढलाय. आणखी पंधरा-वीस लाख उभे करायचे तर आईचे दागिने आणि काकांची सही. काका तयार आहेत.

गोंदियाचा_गरुड:
दोन वर्षांच्या बाँडला भुलू नकोस. बाँड संपला तरी नोटीस असतेच. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमाने एफओला 6 महिने, कॅप्टनला 1 वर्ष. आणि मुख्य गोष्ट अजून लिहिलीच नाहीस. दोन्ही लेटरवर रुजू व्हायची तारीख काय आहे?

द्राक्षकन्या:
एटीआरची पुढच्या महिन्याची 18. 737 ला 'गरजेनुसार कळवण्यात येईल' असं आहे. त्याने काय फरक पडतो? निवड तर झालीय ना.

गोंदियाचा_गरुड:
अगं, सगळा फरक तिथेच आहे! याला होल्डिंग पूल म्हणतात, निवड झालेल्यांना बोलावणं येईपर्यंत थांबवून ठेवायची यादी. माझ्या बॅचचे तिघं अशाच एका पूलमध्ये चौदा महिने होते. त्यातल्या एकाने आधी टाइप रेटिंग करून घेतलं. विमानं येईनात, तोवर उडवायची सवय सुटली, पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. हप्ता मात्र दर पाच तारखेला.

आखाती_मराठी:
प्रत्येक पूल असा नसतो. माझ्या भावाला तीन महिन्यांत बोलावणं आलं.

गोंदियाचा_गरुड:
आलं असेल. पण तुमच्या भावाच्या घराच्या सातबाऱ्यावर बोजा होता का?

कॅप्टन_कुलाबा:
गरुडने नेमक्या जागी बोट ठेवलं. मी एका कंपनीत तेरा वर्षं काढली, ती बंद पडली. दुसरीकडे मला कॅप्टन म्हणूनच घेतलं, पण सिनिऑरिटीच्या यादीत नाव तळाला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलं दिवाळीची रजा आधी निवडायची आणि उरलेले दिवस माझे. मुंबईचा बेस मिळायला चार वर्षं लागली. मुलगी दहावीला होती, तिच्या परीक्षेच्या काळात मी कोलकात्याला. तुझा नंबर रुजू झालीस त्या तारखेपासून लागतो. बेस, रजा, विमान बदलणं, कमांड, सगळं त्याच नंबरावर. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायच्या लायसन्सला, लागणारे 1500 तास उडाल्याशिवाय भरत नाहीत, आणि जो उडत नाही त्याची कमांड येत नाही.

पुणे_ते_पालम:
पण कंपनीच बंद पडली तर तो नंबर काय कामाचा? किंगफिशर 2012, जेट एप्रिल 2019, गो फर्स्ट मे 2023.

कॅप्टन_कुलाबा:
तेव्हा नंबर जातो, तास राहतात. म्हणूनच तास आधी. द्राक्षकन्या, 737 वाल्यांना फोन कर आणि एकच विचार: तारीख लेखी देता का?

आखाती_मराठी:
एवढं मान्य. लेखी तारीख नसेल तर मीही पैसे भरा म्हणणार नाही. पण मोठ्या कंपनीत एटीआरवरून जेटवर कधी आणि कोणत्या अटीवर नेतात, तेही विचारा. तिथे गेल्यावर नवा बाँड लागतो का ते बघा. मी जेटचा हट्ट सोडलेला नाही.

द्राक्षकन्या:
फोन केला. तीन वेळा उचलला नाही, चौथ्यांदा एका बाईंनी सांगितलं की तारीख लेखी देता येत नाही, पैसे मात्र शुक्रवारीच. मोठ्या कंपनीलाही विचारलं. जेटवर सिनिऑरिटीनुसार नेतात आणि बाँड नव्याने लागतो. आखाती, तुमच्यामुळे हे आधीच कळलं, नाहीतर मी विचारलंच नसतं. आत्ताच एटीआरला हो कळवलं. काकांना सांगितलं की सही नको. ते गप्पच बसले, मग म्हणाले की बागेच्या छाटणीला तरी येणार का. 18 तारखेच्या आत हैदराबादला खोली बघायची आहे. कोणी तिथलं आहे का? विमानतळाला लागून बघू का?

निजामपेठी:
विमानतळ शमशाबादला आहे, त्याला लागून नको, एकटी राहणार असाल तर फारच सुनसान वाटेल. अत्तापूर बघा, एक्स्प्रेसवे लागूनच आहे, पहाटे रस्ता रिकामा मिळतो. भाडं ठरवण्याआधी घरमालकाला सांगून ठेवा की पहाटे साडेतीनला खाली गाडी येणार. माझ्या शेजारच्या एअर होस्टेसला त्यावरूनच दोन घरं बदलावी लागली.

स्मिता_चिंचवड:
भाच्यासाठी वेगळा धागा काढला आहे. ओपन स्कूलचा फॉर्म कधी निघतो, कोणी सांगेल का?