लॅश लिफ्टसाठी रॉड आणि टूल कुठलं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, मालवणात माझं छोटं पार्लर आहे. गणपतीआधी लॅश लिफ्ट (लोशन लावून पापण्यांचे केस वर वळवायची ट्रीटमेंट) सुरू करायचंय. किटमध्ये पापण्या ज्यावर चिकटवून वळवतात ते सिलिकॉनचे एस, एम, एल (लहान, मध्यम, मोठे) रॉड आलेत. बहिणीच्या पापण्या आखूड नि सरळ. एस लावला तर टोकं पार मागे वळली, एम लावला तर उठावच दिसेना. अशांना गोल रॉडऐवजी सपाट शील्ड (कमी वळणाची पट्टी) बरी पडते का? पापण्या विंचरून रॉडवर चिकटवायला प्लास्टिकचा वाय-कोंब (वाय आकाराचा छोटा कंगवा) घेऊ की स्टीलचं टूल? प्लास्टिकचे दाते लगेच वाकतात. स्टीलचं निर्जंतुक करता येतं, पण डोळ्याजवळ नेताना हात थरथरतो बाई! पॅच टेस्ट (ॲलर्जी येते का ते आधी त्वचेवर थोडं लावून बघणं) करतेच, ते सांगू नका. पापण्या वळवायला थायोग्लायकोलेट या रसायनाच्या लोशनऐवजी सिस्टिअमिनचं लोशन वापरणाऱ्या कोणी असाल तर बारीक पापण्यांवर किती मिनिटं ठेवता?