स्विचवर क्यूओएस (कुणाचा डेटा आधी सोडायचा ती सेटिंग) लावायचं का नुसती इंटरनेटची लाइन वाढवायची?

लातूरचा_आयटीवाला:
आमच्या क्लासेसची तीन मजली बिल्डिंग. वर एक मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच, खाली एक, मधी एकच केबल. संध्याकाळी लेक्चरच्या रेकॉर्डिंगचा बॅकअप खालच्या सर्व्हरवर जायला लागला की वरच्या 12 आयपी फोनवर आवाज तुटायलाय, पालक नुसतं हॅलो हॅलो करायलेत. व्हेंडर म्हणायलाय लाइन 100 एमबीपीएसची 300 करा. अहो बॅकअप बिल्डिंगीतल्या बिल्डिंगीत, फोनचं एक्सचेंज पण खालीच, लाइनचा संबंध काय? माझं मत, स्विचवर व्हॉइसला प्रायॉरिटी द्या, मिटलं.

वाळूजचा_गडी:
लाइनचं बरोबर बोललात, पण क्यूओएसनं मिटत नसतंय दादा. जी.711 (आवाज डेटात बदलायची पद्धत) चा एक कॉल हेडर धरून एका बाजूला 87 केबीपीएसच्या आसपास, बाराच्या बारा चालू असले तरी 1 एमबीपीएसच्या जरा वर. क्यूओएस बँडविड्थ वाढवत नाही, रांगेतून आधी कुणाला सोडायचं एवढंच ठरवतं, अन् रांगच नसली तर ते बसून राहतं. वरच्या स्विचच्या अपलिंक पोर्टवर (खालच्या स्विचकडं जाणारा) आउटपुट ड्रॉप्स (रांग भरल्यानं टाकून दिलेली पॅकेट) बघितले का?

लातूरचा_आयटीवाला:
बघितले, बॅकअपच्या टायमाला धडाधड वाढायलेत. पोर्ट 100 एमबीपीएसच्या स्पीडवरच निगोशिएट झालाय, स्विच दोन्हीकडचे गिगाबिट (1000 वाले).

वाळूजचा_गडी:
हे घ्या! गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली असणार, आरजे45 (केबलच्या टोकाचा कनेक्टर) नवीन क्रिम्प करा नाहीतर केबलच बदला. अन् आले हे प्रायॉरिटी लावायला.

नांदेड_नेट:
केबल बदलाच, पण तेवढ्यावर सोडू नका. वरचे दोन-तीन कॉम्प्युटर एकदम बॅकअप ढकलायले की गिगाबिट अपलिंकचा बफरही (पॅकेट थांबायची जागा) क्षणभर भरतो, पाच मिनिटाच्या सरासरी ग्राफवर ते दिसत पण नाही, आवाज मात्र तेवढ्यात तुटतो. फोनला वेगळा व्हॉइस व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क), डीएससीपी 46 (पॅकेटवरचा व्हॉइसचा प्रायॉरिटी नंबर), फोनच्या पोर्टवर ट्रस्ट (आलेला नंबर तसाच मानायचा) अन् बाकी पोर्टवर मार्किंग पुसून 0, नाहीतर कुणाचाबी कॉम्प्युटर स्वतःला 46 लावून पुढं घुसंल. व्हॉइस स्ट्रिक्ट क्यूत (कायम सगळ्यात आधी), बाकी सगळं वेटेड (ठरलेल्या वाट्यानं). अपलिंकच्या दोन्ही टोकाला ट्रस्ट पाहिजे, हे लोक हमखास विसरतात. कॅमेरे स्ट्रिक्टमधी घालू नका, त्यांचा ओघ थांबत नसतो, मागच्याला नंबरच लागत नाही.

परभणीकर_साधा:
सगळं खरं, पण हे सांभाळणार कोण? आज तुम्ही आहात, उद्या पुण्याला जाल, मागच्या पोराला 46 म्हणजे काय ते ठाऊक नसतंय. बॅकअप रात्री 1 ला लावा, फुकटात काम.

लातूरचा_आयटीवाला:
रात्री लाइट जाती ओ. इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो, बॅकअप अर्धवट.

परभणीकर_साधा:
मग लाइट गेल्यावर तुमचं क्यूओएस पण जाईल, कॉन्फिग सेव्ह केलं नसंल तर. स्विच उठला की जुन्याच सेटिंगवर. निम्म्या ठिकाणी हेच बघायलोय.

नांदेड_नेट:
सेव्ह करायला एक कमांड लागती, त्यासाठी क्यूओएसच नको म्हणणं काही पटंना.

लातूरचा_आयटीवाला:
ठरलं, उद्या केबलही बदलतो अन् 46 पण लावतो.

वाळूजचा_गडी:
दोन्ही एकदम केलं तर कशानं बरं झालं ते कसं कळंल? आधी केबल, मग ड्रॉप्सचा काउंटर शून्य करून आठवडाभर बघा.

लातूरचा_आयटीवाला:
ॲडमिशनचा सीझन चालूय, आठवडाभर पालकांच्या शिव्या तुम्ही खाता का? मला बरं झाल्याशी मतलब.