‘माउंटन’ला खलनायक म्हणायचं की नाही?

तिसरं रेल्वे गेट (धागा काढणारा)

परवा चित्ररथाची तालीम संपवून मी आणि माझा मावसभाऊ चहाला थांबलो. यंदा शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा सजीव देखावा आहे आणि त्यातलं खलनायकाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यावरून विषय निघाला तो थेट ‘गेम ऑफ थ्रोन्स’वर, पुस्तकांवरून केलेल्या त्या इंग्रजी मालिकेवर गेला. भाऊ म्हणाला, माउंटन हा कसला खलनायक, तो तर जेसीबी आहे. चावी फिरवली की पाडत सुटतो. चहा गार झाला खरं वाद संपला नाही, म्हणून इथं टाकतोय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माउंटन म्हणजे सर ग्रेगर क्लीगन, लॅनिस्टर या बलाढ्य घराण्याच्या पदरचा सरदार, पुस्तकात जवळजवळ आठ फूट उंच. लहानपणी धाकट्या भावानं, सँडरनं, त्याचं एक लाकडी खेळणं खेळायला घेतलं म्हणून यानं त्याचं तोंड निखाऱ्यांवर दाबून धरलं. बापानं लोकांना सांगितलं, अंथरूण पेटलं. चार वर्षांनी याच ग्रेगरनं नाइटची शपथ घेतली आणि खांद्याला तलवार टेकवून त्याला नाइट करणारा होता युवराज रेगार. पुढं राजधानी पडली तेव्हा त्याच रेगारच्या बायकोला, एलियाला, आणि तान्ह्या पोराला मारलं ते ग्रेगरनंच.

त्यातलाच दुसरा खलनायक रॅम्से बोल्टन कातडी सोलतो, हसतो, बोलतो. त्याला मजा येते हे दिसतं, म्हणजे त्याच्या मनात शिरायला निदान एक फट आहे. ग्रेगरच्या मनात शिरायला फटच नाही. लेखकानं त्याच्या नजरेतून एकही प्रकरण लिहिलेलं नाही. मला भीती वाटते ती त्याची.

मलप्रभेकाठी

मी तुमच्या भावाच्या बाजूनं. फट नाही म्हणजे आत काही खोल आहे असं कशावरून? कदाचित आत रिकामंच असेल.

आणि एक दुरुस्ती: रॅम्सेच्या नजरेतूनही प्रकरण नाही. २०११ ला आलेल्या पाचव्या पुस्तकात आहे ती त्यानं छळलेल्या थिऑनची नजर. पण त्यामुळंच तिथं काहीतरी घडतं. थिऑन स्वतःचं नाव टाकून मालकानं दिलेलं नाव घोकत बसतो, ते वाचताना पोटात गोळा येतो. ग्रेगरच्या हाती लागलेला माणूस मरतो आणि आपण पान उलटतो.

आमच्या मराठी शाळेत कन्नड सक्तीचं होतं, आम्ही मागच्या बाकावर नाक मुरडून बसायचो. तरी जुना कन्नड कवी रन्न, त्याचा दुर्योधन डोक्यातून गेला नाही. ‘गदायुद्धा’त तो प्रेतांमधून वाट काढत जातो, शत्रूच्या पोराजवळ, अभिमन्यूजवळ थांबतो आणि म्हणतो, तुझ्या पराक्रमाच्या एका अंशाइतकं तरी मरण मला मिळो. हजार वर्षांपूर्वी मुधोळच्या कवीनं खलनायकाला एवढं मन दिलं. इथं हजारो पानं खर्चून काय दिलं, तर आठ फूट उंची.

निपाणी नाका

मलप्रभेकाठींना माझ्याकडून एक पुरावा. मालिकेत हे काम तीन नटांनी केलं. पहिल्या सीझनला कॉनन स्टीव्हन्स, दुसऱ्याला इयान व्हाइट, चौथ्यापासून हाफथोर ब्यॉर्नसन. आमच्या घरी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. टिरियनचा, टायविन लॅनिस्टरच्या बुटक्या पोराचा, नट असा बदलून बघा, लोक टीव्ही फोडतील.

आखाड्यातली माती

माझं दुखणं वेगळंच आहे. अंगानं मोठा गडी दिसला की तो एकतर बिनडोक नाहीतर राक्षस, हे किती दिवस चालायचं मर्दा? आमच्या तालमीत सगळ्यात जाडजूड जो होता तो सगळ्यात जपून लढायचा. बारक्या पोरांना डाव शिकवताना त्याचा हात कधी जड पडला नाही. आणि तो ब्यॉर्नसन, २०१८ चा ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’, २०२० ला ५०१ किलो जमिनीवरून उचललेला माणूस. त्याला काय काम दिलं? हेल्मेट घालून उभं राहायचं.

खरं पुस्तकात एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही. ग्रेगरचं डोकं भयंकर दुखायचं. दुसरे दारू पितात तसं तो अफूचं दूध प्यायचा. मला अर्धशिशी आहे, म्हणून ते वाक्य ध्यानात राहिलं. त्याची बाजू घेत नाही मी, खरं आत रिकामं आहे असं नाही म्हणता येत.

मलप्रभेकाठी

डोकं दुखतं म्हणून माणूस तान्हं मूल मारत नाही, पैलवान. अर्धशिशी तुम्हालाही आहे की!

आखाड्यातली माती

म्हणूनच बाजू घेत नाही म्हटलं. नीट वाचा की.

चिकोडीची सून

सगळे ग्रेगरच्या डोक्यात काय आहे ते शोधायला लागलात. त्याच्या आजूबाजूला कोण आहे ते बघा.

दुसऱ्या पुस्तकात आर्या नावाची लहान पोरगी त्याच्या माणसांच्या कैदेत असते. रोज एकाला उचलून नेतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात: गावात सोनं कुठं लपवलंय, चांदी कुठं, धान्य किती. उत्तर दिलं तरी मरण, नाही दिलं तरी मरण. विचारणारा ग्रेगर नव्हे, त्याचा एक साधासुधा दिसणारा नोकर. पुढं चिझविक नावाचा शिपाई सगळ्यांना एक गोष्ट सांगतो. एका खाणावळीत मालकाच्या कोवळ्या पोरीवर ग्रेगरनं आणि त्यानंतर या सगळ्यांनी काय केलं, आणि शेवटी ग्रेगरनं बापाकडं मोड कशी परत मागितली. चिझविक ती विनोद म्हणून सांगतो आणि ऐकणारे हसतात. आर्याला कुणाचंही मरण मागायची मुभा मिळते तेव्हा ती पहिलं नाव ग्रेगरचं घेत नाही, चिझविकचं घेते.

हे प्रकरण मी रात्री वाचलं आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तेच डोक्यात. ग्रेगर एकटा असता तर त्याला एखाद्यानं कधीच गाठून मारला असता. त्याला हसणारी माणसं मिळाली. आणि वर लॅनिस्टरांचा प्रमुख टायविन मिळाला. क्लीगन घराण्याचा मूळ पुरुष लॅनिस्टरांची कुत्री सांभाळायचा, निशाणावर अजून तीन कुत्री आहेत. नदीकाठचा मुलूख जाळायला ते कुत्रं सोडलं कुणी? एलियाबद्दल टायविन मुलाला काय सांगतो, तर मी तिचं नावच घेतलं नव्हतं, आणि ग्रेगर काय चीज आहे ते तेव्हा मला कळलं नव्हतं. बरं, कळल्यावर काढून टाकला का? पुढची कितीतरी वर्षं वापरलाच.

वाचनालयातली खुर्ची

ताईंचं शंभर टक्के पटलं. त्याला पुरवणी जोडतो, राग मानू नका. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांची घोडदळं बंगालवर चालून गेली. तिकडं आजही आया अंगाईत बाळाला सांगतात, झोप, बर्गी आले. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. आपल्या बखरीत ती मोहीम आहे, चौथाईचा हिशोब आहे. तिकडच्या झोपडीतून बघितलं तर दारात उभा असलेला घोडेस्वार माउंटनच. त्याच्या मनात काय चाललंय हे त्या बाईला कशाला कळायला पाहिजे?

निपाणी नाका

धागा मालिकेचा, मराठ्यांना कशाला ओढता? आधीच इथं सीमाभागात पाट्यांवर कुठली भाषा मोठी यावरून डोकं उठलेलं असतं, त्यात आपणच आपल्याला शिव्या घालायच्या?

वाचनालयातली खुर्ची

शिवी नाही घातली. बंगाली आई काय म्हणते ते सांगितलं. पानिपतावर आपण रडतो तेव्हा आपल्यालाही वाटतं ना, समोरच्यानं ऐकावं?

मलप्रभेकाठी

खुर्चीकाकांचा मुद्दा चांगला आहे, पण त्यानं माझाच मुद्दा बळकट होतो. ग्रेगर म्हणजे घडून गेलेली आपत्ती, दुष्काळासारखी. तिच्यावर लिहिता येतं, तिच्याशी झुंजता येत नाही. मालिकेतल्या २०१४ च्या द्वंद्वात ग्रेगरशी लढणारा एलियाचा भाऊ ओबेरिन काय मागतो? सूड नंतर, आधी कबुली. माझ्या बहिणीचं नाव घे, तू काय केलंस ते बोल. आणि जे मिळतं ते ओबेरिनची कवटी फोडता फोडता, ओरडून. प्रसंग ओबेरिनमुळं मोठा होतो, ग्रेगरमुळं नाही.

तिसरं रेल्वे गेट

इथं मी थोडा माघार घेतो. तीन नटांच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही. चिझविकचं प्रकरण मी वाचलं होतं, पण घाईत पुढं गेलो होतो. काल परत वाचलं. सुरुवातीला मी लिहिलं होतं की भीती ग्रेगरच्या बंद मनाची वाटते. आता वाटतं, हसणारे दहाजण जास्त भीतीदायक आहेत.

पण ‘आत रिकामं’ हे अजून मान्य नाही. भाल्यांच्या स्पर्धेत समोरच्याची घोडी माजावर होती म्हणून त्याचा घोडा बिथरला, तो हरला, तर त्यानं स्वतःच्या घोड्याचं मुंडकं उडवलं. हारलेला माणूस आहे तो, जेसीबी हरत नाही. मग तो समोरच्यावर धावतो तेव्हा सँडर मधे पडतो. ग्रेगरच्या डोक्यावर हेल्मेट नाही, तरी सँडर त्या उघड्या डोक्यावर एकही वार करत नाही. ज्याचं अर्धं तोंड यानं जाळलं, तो.

तालमीतलं एक सांगतो. पहिले चार दिवस मी डोळे वटारून गडगडाटी हसत होतो. पोरं मोबाइल काढून शूटिंग करत होती, एकजण तर माझ्याबरोबर हसत होता. काल आमचे बसवराज अण्णा म्हणाले, हसू नको, बोलू पण नको, नुसता बघत उभा राहा. ट्रॉलीच्या पुढं शेजारची चार वर्षांची पोरगी उभी होती. ती आईच्या पदराआड गेली.

मलप्रभेकाठी

तुमच्या तोंडाला घाबरली असेल.

चिकोडीची सून

होय की, ती शक्यता आहे. बाकी बायकांनी बघायला यायचं की नाही ते मिरवणुकीच्या रात्री ठरवू, पहाटेपर्यंत उभं राहावं लागतं. आणि तिसरा भाग कुणाकडं आहे का? माझ्या प्रतीची शिवण द्वंद्वाच्या पानाला सुटलीय, पुढची वीस पानं बहुतेक धाकट्या दिरानं नेली.

आखाड्यातली माती

माझ्याकडं आहे. खरं झेरॉक्स आहे. चालतंय काय?