रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्टॅटिन बंद?

आळूवडी
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक ढकलपत्र आलं: 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की स्टॅटिन लगेच बंद करा, नाहीतर लिव्हर जातं. रोज लसणाच्या दोन पाकळ्या पुरे.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग! अहो, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवायचीच गोळी, आकडा तिच्यामुळेच उतरलाय. लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम ती रोखते, बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा जागेवर. माझ्या मामांना स्टेंट आहे, आणि हे वाचून त्यांनी गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली. लिव्हरला गंभीर इजा फार क्वचित होते. सुरू करण्याआधी एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी बघतात ते त्यासाठीच. थांबवायचीच असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा ना.

भवानी_पेठ
ताई, तुम्ही औषध कंपनीच्या एमआर का? माझ्या आईला ॲटोर्वा 40 मिलिग्रॅम, म्हणजे स्टॅटिनच, दिली आणि तिला जिना चढवेना. डॉक्टर म्हणे, 'वय झालं'. आम्हीच बंद केली, आठवड्यात बाई मंडईत चालत गेली. आता बोला.

निवृत्त_मास्तर
2020 मध्ये इंग्लंडात सॅमसन नावाचा अभ्यास झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही. जो त्रास खऱ्या गोळीवर, त्यातला 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला.

भवानी_पेठ
म्हणजे माझी आई नाटकं करते? मास्तर, जपून बोला.

निवृत्त_मास्तर
त्रास खोटा असं मी म्हटलेलं नाही. त्याचं खापर गोळीवर फोडायची घाई नको, एवढंच.

घाणेवाला_सांगली
मुळात रोग कुठून आला ते बोला. रिफाइंड तेल! आम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल खातो, घरात कुणाला गोळी नाही.

निवृत्त_मास्तर
शेंगदाण्यातले मेद घाण्यातही तेच आणि कारखान्यातही जवळपास तेच. कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापतात ती निव्वळ जाहिरात.

घाणेवाला_सांगली
आणि त्यात पाम मिसळतात ते? पामात निम्मे संपृक्त मेद असतात, हे तरी मान्य?

निवृत्त_मास्तर
ते मान्य.

घाणेवाला_सांगली
नशीब! आमची आजी नव्वदीपर्यंत तेलातुपात जेवली.

आळूवडी
आजी विहिरीचं पाणीही शेंदायची. इथे लिफ्टशिवाय पहिला मजला गाठवत नाही. शिवाय ज्यांच्या आज्या साठीत गेल्या ते असल्या चर्चेत लिहायला येत नाहीत. धागा तेलाचा नाही हो!

कोपऱ्यावरचा_केमिस्ट
एमआर, तेल, आजी सगळं झालं, मूळ मुद्दा कुणी काढलाच नाही. ॲटोर्वा किंवा सिम्वास्टॅटिन चालू असताना लोक खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतात, तेही जुनी चिठ्ठी दाखवून. त्याने स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडावर बेततं. सिम्वाबरोबर तर ते द्यायचंच नसतं. अंग भयंकर दुखतंय आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) करा. सेरिव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन याच त्रासापायी 2001 मध्ये बाजारातून गेलं. एरवी गोळी चालू ठेवा. आणि भवानी_पेठ, आईंचं थायरॉइड पाहिलं होतं?

भवानी_पेठ
टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 11, म्हणजे वाढलेलं. पण ते नंतर कळलं.

कोपऱ्यावरचा_केमिस्ट
मग झालंच की. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्टॅटिनवर स्नायूही जास्त कुरकुरतात. आधी ते आटोक्यात आणायचं, मग डोस कमी करून किंवा दुसरं स्टॅटिन देऊन पाहतात. रोसुव्हास्टॅटिन आशियाई लोकांना 5 मिलिग्रॅमपासूनच सुरू करतात.

रिकामा_रविवार
मास्तरांच्या भक्तांसाठी: 1994 च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात 4444 हृदयरुग्ण होते. साडेपाच-एक वर्षांत खोट्या गोळीवर 12 टक्के गेले, खऱ्या गोळीवर 8. म्हणजे शंभरातले चार वाचले. उरलेल्यांनी गोळी कशासाठी खाल्ली?

निवृत्त_मास्तर
त्या चारांत आपण असू का, हे आधी कुणाला कळतं? तुम्हाला कळत असेल तर पत्ता द्या, रांग लावतो. हां, ज्याला हृदयविकार, मधुमेह, बीपी काहीच नाही त्याचा फायदा आकड्यात कमी, हे कबूल.

रिकामा_रविवार
कबूल म्हणालात, वहीत लिहून ठेवतो.

भवानी_पेठ
उद्या आईला घेऊन जातोय, दुसऱ्या डॉक्टरांकडे. लहान डोसची म्हणाले तर देऊ. पण आकड्यांमुळे नाही हं, केमिस्टांनी थायरॉइडचं विचारलं म्हणून. 'वय झालं' म्हणणाऱ्यांनी तेवढंही विचारलं नव्हतं.

घाणेवाला_सांगली
पाम मिसळतात त्याचं काय, ते राहिलंच.