पहिला घोडा शिकलेलाच घ्या
मुलीला बॅरल रेसिंग (तीन पिंपांभोवती वळणं घेत कमीत कमी वेळात घोडा पळवण्याची शर्यत) शिकायचंय आणि टेक्सासमध्ये चार वर्षांचा क्वार्टर हॉर्स (चपळ अमेरिकन जातीचा घोडा) स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. इथे उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी ‘घ्या’ म्हटलंय. मी मात्र नको म्हणेन. नवखी स्वार आणि असा कोवळा, अर्धवट शिकलेला घोडा ही जोडी धोक्याची. बारा-पंधरा वर्षांचा, हा खेळ कोळून प्यायलेला शांत घोडा शोधा. तोच तिला शिकवेल.

बघायला जाल तेव्हा आधी मालकालाच घोड्यावर बसायला सांगा. रिंगणाच्या फाटकाशी घोडा अडतो का, मागच्या पायांवर उभा राहतो का, हे नीट पाहा. वेळ किती लागली ते नंतर. मग मुलीने तिन्ही पिंपांभोवती आधी चालत, मग दुडक्या चालीने फिरवून बघावा. वळताना तो खांदा आत टाकत असेल तर स्वाराचा गुडघा पिंपावर आपटतो, आणि पिंप पडलं की अनेक स्पर्धांत ५ सेकंदांचा दंड. पैसे देण्याआधी पशुवैद्याकडून तपासणी कराच, विशेषतः मागच्या पायांच्या सांध्यांची. वळणांचा मोठा भार तिथेच येतो.

एनबीएचए या अमेरिकेतल्या बॅरल रेसिंग संघटनेच्या स्पर्धांत वेळेनुसार गट पडतात, त्यामुळे सावकाश धावणाऱ्यालाही बक्षिसाची संधी असते. सुरुवातीला तिला तिथेच उतरवा.