मदत हवी आहे: शे-दोनशे नगांसाठी डाय की थ्रीडी प्रिंटर?

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक डायमध्ये (धातूच्या साच्यात) दाबून नग पाडायचं, छोटं युनिट आहे. हल्ली जुन्या मशिनींचे नॉब, गिअर, झाकणं अशा शे-दोनशे नगांच्या ऑर्डरी येतात. तेवढ्यात डायचाही खर्च निघत नाही, आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं.

भाचा म्हणतो, रेपरॅपच्या वंशातला ओपन सोर्स प्रिंटर घ्या. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात २००५ साली सुरू झालेला हा प्रकल्प: स्वतःचेच प्लास्टिकचे भाग छापणारं मशीन, आराखडे सगळ्यांना खुले. २००९ मध्ये एफडीएमचं, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देऊन छापायच्या पद्धतीचं, मूळ पेटंट संपलं आणि पुढे किमती कोसळल्या, हे मान्य. पण मोल्डिंगमध्ये नग सेकंदांत पडतो, प्रिंटरला तोच तासभर लागू शकतो. शिवाय थरांच्या जोडावर नग तुटतो, ही माझी खरी भीती.

तर गिअरला नायलॉन वापरावं की एबीएस प्लास्टिक चालेल? साधारण किती नगांपर्यंत प्रिंटर परवडतो? ठाणे-वाशीकडे कुणी चार-पाच प्रिंटर लावून असं काम करत असेल, तर येऊन बघेन म्हणतो. ‘आता कारखाने बंद पडणार’छाप व्हिडिओ मात्र पाठवू नका, ते भाचा रोज दाखवतोच.